इंग्रजी सबटायटलांचे कोरियन रसिक

आमच्या प्राध्यापकवर्गात गेल्या वीस वर्षांत एक जमात तयार झाली आहे. मी तिच्यातलाच. हिच्या घरी पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून तिथे डिस्क मांडलेल्या असतात. पार्क चान-वुकचा ‘ओल्डबॉय’ (२००३), बोंग जून-होचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३), किम की-डुकचे पाचसहा, ली चांग-डाँगचे मिळतील तेवढे. पाहुणा आला की चहाआधी कप्पा दाखवला जातो. पाहुण्याने ‘हे समजते का हो तुम्हाला?’ असे विचारलेच, तर ठरलेले उत्तर मिळते, ‘इंग्रजी सबटायटल्स असतात ना!’ माझे भांडण या उत्तराशी आहे.

आधी या संग्राहकांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. मुंबईला १९६८पासून प्रभात चित्र मंडळ होते, पुण्याला १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि २००२पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आमच्या गोंदिया जिल्ह्याला यांतले काहीच नव्हते. हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात, महोत्सव थांबत नाहीत. फिल्म सोसायटीचे काम इथे डिस्कने केले. कोणीतरी नागपूरहून आणायचा, कोणाचा भाऊ परदेशातून पाठवायचा. कोरियाची अस्सल डिस्क तिसऱ्या रीजनची आणि आपली यंत्रे पाचव्या रीजनची, म्हणून ती चालतच नसे. मग प्लेअर ‘खोलून’ घ्यायचा किंवा चोरीची प्रत शोधायची. चोरीच्या प्रतीवरची इंग्रजी वाक्ये अशी असत की कर्ता एका ओळीत आणि अर्थ बेपत्ता. २००८च्या सुमारास एनडीटीव्ही लुमिएरसारख्या उपक्रमांनी जागतिक चित्रपट अधिकृतपणे आणले, पण ते फार टिकले नाहीत. या सगळ्या खटाटोपात आवड होती, कष्ट होते, पदरचे पैसे होते. त्याची थट्टा मी करणार नाही.

थट्टा करायची ती पुढच्या गोष्टीची. वर्गातली एखादी मुलगी मोबाइलवर कोरियन मालिका हिंदी डबिंगमध्ये पाहते आणि आम्ही नाक मुरडतो. डबिंग म्हणजे अडाण्यांचे, सबटायटल म्हणजे जाणकारांचे, असे आम्ही आपसांत ठरवून टाकले आहे. नटाचा मूळ आवाज, त्याचा श्वास, त्याचे अडखळणे डबिंगमध्ये मरते हे मान्य. पण कोरियन भाषेत समोरच्याचे वय, हुद्दा आणि नाते ठरल्याशिवाय क्रियापद पुरेच करता येत नाही. आदराची बोली वेगळी, बरोबरीच्यांची वेगळी. पुरुषाचा थोरला भाऊ ‘ह्यंग’, तर स्त्रीचा थोरला भाऊ ‘ओप्पा’. थोरल्या बहिणीलाही असेच दोन शब्द, ‘नुना’ आणि ‘ऑन्नी’. दोन माणसे आदराच्या बोलीवरून सलगीच्या बोलीवर येतात तेव्हा प्रेम जमलेले असते किंवा अपमान झालेला असतो. इंग्रजी सबटायटल या सगळ्यावर एकच ‘यू’ फिरवते. हिंदी डबिंगला मात्र ‘आप’, ‘तुम’ आणि ‘तू’ यांतून निवड करावीच लागते. ती निवड कधी चुकत असेल, पण प्रश्न तरी पडतो. म्हणजे निदान या एका बाबतीत, कोण कोणापुढे वाकले आणि कोण कोणावर गुरगुरले, हे त्या मुलीला आमच्या कप्प्यापेक्षा अधिक कळते. हे मला स्वतःलाही पचायला जड गेले.

मराठीच्या अध्यापकाला तर हे सर्वांआधी खटकायला हवे होते. आपल्याकडेही ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेत. आपल्याकडेही क्रियापद शेवटी येते. ‘मी तुला कधीच’ इथवर वाक्य येते आणि पुढे ‘विसरलो नाही’ येणार की ‘क्षमा करणार नाही’, हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. कोरियन वाक्याचा ताणही असाच शेवटावर तोललेला असतो. इंग्रजी त्या वाक्याला उलटे करते आणि नट अर्ध्यात असतानाच निकाल पडद्याच्या तळाशी छापून टाकते. (जाता जाता: होमर हल्बर्ट या अमेरिकी मिशनऱ्याने १९०५ साली कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तुलनात्मक व्याकरणाचे पुस्तकच लिहिले होते. ते नाते भाषाशास्त्राने मान्य केलेले नाही, पण आमच्या जिल्ह्यात गोंडी बोलणाऱ्यांच्या शेजारी राहून ते पुस्तक आठवले की गंमत वाटते.)

‘मेमरीज ऑफ मर्डर’मध्ये बोगद्याच्या तोंडाशी, पावसात, हताश झालेला गावाकडचा पोलीस संशयित तरुणाच्या चेहऱ्याकडे पाहत एक प्रश्न विचारतो. तो सॉन्ग कांग-हो या नटाने स्वतः सुचवला असे सांगतात. प्रश्न जेवणाविषयी आहे: खातोस-पितोस ना, पोटात भात जातो ना? ‘बाप’ म्हणजे शिजवलेला भात, आणि ‘बाप’ म्हणजेच जेवण. काळजीने विचारायचा रोजचा प्रश्न तो खुन्याला विचारतो आहे. तुझ्या घशाखाली घास उतरतो तरी कसा, हा तळतळाट त्यात आहे. माझ्याजवळच्या प्रतीत इंग्रजीत त्याचे ‘रोज सकाळी उठतोस का’ अशा आशयाचे काहीतरी झाले आहे. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला भाताचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तरी मी तो दहा वर्षे सकाळी उठण्याचा प्रश्न म्हणून समजून घेतला आणि त्यातल्या ‘अस्तित्ववादी रिक्ततेवर’ वर्गात बोललोही.

यात अनुवादकाचा दोष काढायचा नाही. ‘पॅरासाइट’ची (२०१९) इंग्रजी सबटायटल्स डार्सी पाकेट यांनी केली. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जागी त्यांनी ऑक्सफर्ड लिहिले, आणि दोन प्रकारच्या इन्स्टंट नूडल्स एकत्र करून होणाऱ्या ‘जापागुरी’साठी ‘राम-डॉन’ असा शब्द घडवला. त्यांच्यासमोरच्या प्रेक्षकासाठी हे शहाणपणाचेच होते. प्रश्न एवढाच की तो प्रेक्षक आपण नव्हतो. परक्याला आलेले पत्र आपण त्याच्या खांद्यावरून वाचतो आणि पत्र आपल्यालाच आले असे समजतो. एका चर्चासत्रात मी एक शोधनिबंध ऐकला. त्यात कोरियन चित्रपटांतील ‘संवादांची काव्यात्म मितव्ययिता’ उदाहरणांसह सिद्ध केली होती. उदाहरणे सगळी इंग्रजी होती. सबटायटल मुळात आखूडच लिहावे लागते, कारण वाचायला दोन-चार सेकंदच मिळतात. ही काटकसर पडद्याच्या रुंदीची होती, कोरियन संस्कृतीची नव्हे. टाळ्या मात्र भरपूर पडल्या, त्यांत माझ्याही होत्या.

ली चांग-डाँगचा ‘पोएट्री’ (२०१०) साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहायलाच हवा. ली स्वतः कादंबरीकार, एकेकाळचे शाळेतले भाषाशिक्षक आणि पुढे २००३-०४मध्ये देशाचे संस्कृतिमंत्री. त्यांची म्हातारी मिजा कवितेच्या वर्गाला जाऊ लागते आणि त्याच वेळी तिला विस्मरणाचा आजार जडतो. आधी नामे जातील, मग क्रियापदे, असे तिला सांगितले जाते. नातवाने केलेल्या अपराधाचे ओझे उरावर, शब्द हातून निसटत चाललेले, आणि एक कविता लिहायची आहे. शब्द हरवण्याचा हा चित्रपट आम्ही पाहतो तोच मुळी सगळे शब्द काढून घेतल्यावर.

याहून बोलके उदाहरण किम की-यंग यांच्या ‘द हाउसमेड’चे (१९६०). त्याच्या मूळ निगेटिव्हची दोन रिळे हरवली होती. १९९०मध्ये एक जुनी प्रत सापडली, पण तिच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी सबटायटल्स होती, चौकटीचा मोठा भाग व्यापणारी. २००८मध्ये कोरियन फिल्म आर्काइव्ह आणि वर्ल्ड सिनेमा फाउंडेशन यांनी चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा ती अक्षरे पुसून खालचे चित्र परत मिळवावे लागले. त्या इंग्रजी प्रतीमुळेच चित्रपट पूर्ण झाला हेही विसरता येत नाही. वाचवणारी आणि झाकणारी वस्तू एकच होती.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की टॉलस्टॉय आणि चेखोवही मराठीत बऱ्याच अंशी इंग्रजीवरूनच आले. आले खरे, पण मराठीत आले! कोणीतरी बसून अण्णा, बाबा, काकी असे शब्द तोलले, ‘अरे’ की ‘अहो’ यावर कागद खोडले. कोरियन चित्रपटांच्या बाबतीत आपण इंग्रजीवर थांबलो आणि त्या थांबण्यालाच अभिरुची म्हणू लागलो. सबटायटलची फाइल म्हणजे वेळेचे आकडे आणि साध्या ओळी. ती उघडायला कोणतेही संगणकशास्त्र लागत नाही. कोरियन फिल्म आर्काइव्हने यूट्यूबवर कितीतरी जुने चित्रपट इंग्रजी सबटायटलांसह विनामूल्य ठेवले आहेत. तरी अनुवादविद्येच्या पेपरसाठी आपले विभाग वर्षानुवर्षे तोच उतारा देतात, बहुधा एखाद्या इंग्रजी निबंधातला.

गेल्या वर्षी मी एम.ए.च्या वर्गात तो बोगद्याचा प्रसंग दाखवला. आधी आवाजासह, सबटायटल झाकून. मग प्रश्नाचा शब्दशः अर्थ सांगितला आणि मराठी ओळ मागितली. ‘जेवतोस ना वेळेवर?’ असे एकाने लिहिले. ते फारच आईसारखे झाले म्हणून बाद झाले. ‘घास उतरतो का रे घशाखाली?’ हे सर्वांना आवडले, पण एका मुलाने हरकत घेतली. दिग्दर्शकाने जे दडवले ते तुम्ही उघडे केले, प्रश्न साधाच राहिला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. शेवटी ‘जेवतबिवत असतोस ना?’ इथे बहुमत झाले. मग मागच्या बाकावरून आमगावकडची एक मुलगी म्हणाली, ‘सर, हा पोलीस गावाकडचा आहे. सोलहून आलेला दुसरा असता तर तो ‘रे’ म्हणाला असता. हा ‘गा’ म्हणेल.’ तिच्या शेजारणीने लगेच विचारले, मग तो कोरियाचा राहील की गोंदियाचा होईल? तास संपल्याची घंटा झाली तरी दोघी भांडत होत्या.