एका कॅसेटमधले अनेक प्रसंग

लग्नाची जुनी कॅसेट दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली, की घरातले निर्धास्त होतात. पहिल्या रविवारी सगळे हौसेने टीव्हीसमोर बसतात आणि अर्ध्या तासात एकेक जण उठून जातो. हाती आलेली असते तीन तासांची एकच सलग फाइल! पूर्वी कोरी कॅसेट कोणी वाया घालवत नसे. त्यामुळे साखरपुड्यामागे भाच्याचे बारसे, मग नुसत्या मुंग्या, पुढे टीव्हीवरून टेप केलेला सिनेमाचा तुकडा आणि शेवटी आजीचा उखाणा, असा सगळा मामला एकाच फितीवर. आजीचा आवाज घरात आहे, पण तो दोन तास अकराव्या मिनिटाला आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

म्हणूनच अशा फाइलच्या प्रसंगवार क्लिप करून ठेवाव्यात. आधी वही-पेन घेऊन बसावे आणि शेजारी घरातले वडीलधारे माणूस असावे. कोणता प्रसंग कितव्या मिनिटाला, मांडवातली ती नऊवारीतली बाई कोण, हे तेव्हाच लिहून घ्यावे. ते सांगणारी माणसे पुढे भेटतीलच असे नाही.

दृश्य बदलले की आपोआप तुकडे पाडणारे प्रोग्रॅमही असतात. १९९५ मध्ये आलेल्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटवर चित्राबरोबर तारीख-वेळ नोंदलेली असते. ती फायरवायरने उतरवली, तर ही सोय छान चालते. मात्र तासाभराच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागते. व्हीएचएसवर तशी नोंद नसते. प्रोग्रॅम नुसत्या चित्रावरून अंदाज बांधतो आणि फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, की दृश्य बदलले असे समजून मंगलाष्टकांच्या चिंध्या करतो! व्हीएचएससाठी आपले डोळेच बरे. कोपऱ्यात उमटलेल्या तारखेवरही विसंबू नये. कितीतरी कॅमेऱ्यांचे घड्याळ कोणी लावलेलेच नसे.

कापताना डोळ्यांइतकाच कान महत्त्वाचा. उखाण्याआधी ‘घे गं, घे’ म्हणणाऱ्या बायकांचा गलका असतो, तोही ठेवावा. दोन्ही बाजूंना पाचेक सेकंद जास्त सोडावेत. लॉसलेसकटसारखा प्रोग्रॅम चित्राचा दर्जा जराही न घटवता कापतो, पण कापायची जागा थोडी मागेपुढे सरकू शकते. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि प्रसंग लिहावा, म्हणजे क्लिप आपोआप क्रमाने लागतात.

त्यानंतर एडिटिंग. प्रत्येक प्रसंगाचा प्रोजेक्ट वेगळा करावा. साखरपुडा आणि बारसे एकाच प्रोजेक्टमध्ये घातले, तर कॅसेटमधला गोंधळ संगणकात आला, एवढेच! इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुधा चित्रे नसतातच. कोणती क्लिप कुठून कुठपर्यंत लावायची, याची ती नुसती यादी असते. जागा अडते म्हणून चिरंजीवांनी क्लिप पुसल्या किंवा फोल्डर दुसरीकडे हलवला, की प्रोजेक्टमध्ये रिकाम्या चौकटी दिसू लागतात. म्हणून प्रोजेक्ट आणि त्याच्या क्लिप एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि पूर्ण झालेली फिल्म वेगळी काढून घ्यावी.

मूळ सलग फाइल मात्र पुसू नये, कॅसेटही लगेच टाकू नये. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. आता सुस्थितीतला व्हीसीआर शोधावा लागतो. मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर घेऊन शक्यतो दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा काकांकडे, ठेवायला द्यावी.