मंत्री नेमतो कोण, आणि काढतो कोण?

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत निवृत्ती चौकातल्या कट्ट्यापासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत एकच विषय होता : कोल्हापूरला काय मिळालं? ५ डिसेंबरला मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यात आपल्या जिल्ह्यातून हसन मुश्रीफ आणि प्रकाश आबिटकर यांची वर्णी लागली. मग खातेवाटप झालं. १८ जानेवारीला पालकमंत्र्यांची यादी आली आणि कोल्हापूर आबिटकरांकडे गेलं. प्रत्येक टप्प्याला फटाके, प्रत्येक टप्प्याला डिजिटल बोर्ड.

पुढच्या काही महिन्यांत उलट्या बाजूच्याही बातम्या आल्या. ४ मार्च २०२५ ला धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. २० मे रोजी छगन भुजबळ मंत्रिमंडळात आले. जुलैअखेर माणिकराव कोकाटे यांच्याकडचं कृषी खातं दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेलं आणि भरणे यांच्याकडचं क्रीडा व युवक कल्याण खातं कोकाटे यांच्याकडे आलं. युवक कल्याण म्हणजे आपलंच खातं की! पण त्यावर कँटीनमध्ये फार कुणी बोललं नाही.

खरं तर सत्ता कुणाच्या हातात आहे हे शपथविधीत कमी कळतं आणि खांदेपालटात जास्त कळतं. मंत्री नेमतो कोण यापेक्षा मंत्र्याला काढू शकतो कोण, हा जास्त कामाचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. राजाच्या मंत्रिमंडळाचे जेवढे म्हणून प्रकार असतात, ते बहुतेक आपल्या कोल्हापूर परिसरानं बघितलेत.

पगारी प्रधान

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या आठ प्रधानांना नवी संस्कृत नावं मिळाली. पेशवा झाला मुख्य प्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव, सरनौबत झाला सेनापती. शाळेत आपण ही यादी पाठ केली, मार्क मिळवले आणि विसरलो. यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. या प्रधानांना जहागिरी नव्हत्या, रोख पगार होता. मुख्य प्रधानाला वर्षाला १५ हजार होन, अमात्याला १२ हजार, बाकीच्यांना १० हजार, असे आकडे इतिहासात दिले जातात. शिवाय पद वंशपरंपरागत नव्हतं. बापाचं पद पोराला मिळेलच, असा हक्क कुणाला नव्हता.

पगारी माणसाला काढता येतं, हा त्यातला खरा मुद्दा. त्याचं उदाहरण आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर घडलं. जानेवारी १६६६ मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला केला. सरनौबत नेतोजी पालकर ठरल्या वेळी पोहोचले नाहीत, हल्ला फसला. नेतोजी म्हणजे साधं नाव नव्हतं, पण पद गेलं. त्यांच्या जागी आले कडतोजी गुजर, म्हणजेच प्रतापराव. तेही २४ फेब्रुवारी १६७४ ला गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीत पडले आणि मग हंबीरराव मोहिते सेनापती झाले. आठ वर्षांत तीन सरसेनापती, आणि फौज मात्र तीच, राज्य तेच.

अर्थात या व्यवस्थेची एक कमकुवत बाजू होती. ती सगळी एका माणसाच्या नजरेवर चालत होती. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले आणि प्रधानांमध्येच फूट पडली. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे राजाराम महाराजांच्या बाजूला, तर हंबीरराव संभाजी महाराजांच्या बाजूला. प्रधान नेमायचे आणि काढायचे राजाने, पण राजाच कोण हे ठरवायला प्रधान बसले, तर काय होतं ते तेव्हा दिसलं.

पदाचं वतन झालं

राजाराम महाराजांच्या काळात मुघलांशी जिवावरची लढाई सुरू होती. तिजोरीत पैसा नव्हता. सरदार टिकवायचे तर द्यायला जमीनच होती. मग वतनं आणि जहागिरी दिल्या जाऊ लागल्या. त्या वेळची गरज खरी होती, पण तिथेच गाडी फिरली. पगार थांबवता येतो. तीन पिढ्या खाल्लेली जहागीर काढून घेताना मात्र लढाई करावी लागते.

याच्या खुणा आजही आपल्या नकाशावर आहेत. कोल्हापूर संस्थानात विशाळगड होता पंत प्रतिनिधींचा, बावडा पंत अमात्यांचा आणि कापशी सेनापती घोरपड्यांची. कागल तालुक्यातल्या त्या गावाला आपण आजही 'सेनापती कापशी' म्हणतो. पद होतं ते गावाच्या नावात जाऊन बसलं! तिकडे साताऱ्याला तर याहून मोठी गोष्ट झाली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, १७२० मध्ये त्यांचा वीस वर्षांचा मुलगा बाजीराव. बाजीरावांचं कर्तृत्व कुणी नाकारत नाही. पण पुढे १८१८ पर्यंत पेशवेपद एकाच घरात राहिलं आणि छत्रपती हळूहळू नावापुरते उरले. ज्याला काढता येत नाही असा मंत्री शेवटी राजाच होतो.

दिवाण कुणाचा?

इंग्रज आल्यावर प्रश्नाचं रूप बदललं. गादीवर राजा होता, कारभारी होता, पण कारभाऱ्याची दोरी इंग्रजांच्या हातात. १८४० च्या दशकात राजा लहान असताना इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांच्याकडे कोल्हापूरचा कारभार दिला. लोकांमध्ये असंतोष वाढत गेला आणि १८४४ मध्ये सामानगड, भुदरगडचे गडकरी उठले. नको असलेला कारभारी काढायचा कायदेशीर रस्ताच नसला, की लोक किल्ल्याचे दरवाजे बंद करतात.

पत्रकारिता शिकणाऱ्यांनी तर बर्वे प्रकरण वाचायलाच हवं. चौथ्या शिवाजी महाराजांच्या वेळी महादेव वासुदेव बर्वे कोल्हापूरचे कारभारी होते. महाराजांचा छळ होतो आहे, अशी चर्चा होती. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी बर्व्यांवर थेट आरोप केले. पण ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी डिसेंबरात महाराजांचा अहमदनगरला कैदेसारख्या अवस्थेत मृत्यू झाला. पत्रं खोटी होती, पण लोकांच्या मनातली शंका खोटी होती असं त्यामुळे ठरत नाही. कारभाऱ्याला जाब विचारायची दुसरी जागाच नव्हती, म्हणून सगळा भार वर्तमानपत्रावर आला.

२ एप्रिल १८९४ ला शाहू महाराजांच्या हाती कारभार आला. त्यांनी वरचा एखादा अधिकारी बदलून समाधान मानलं नाही. त्या वर्षी सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच, म्हणजे ब्राह्मण जातीचे अधिकारी होते. अशा ठिकाणी एक माणूस काढला तरी दुसरा त्याच रांगेतून येणार. म्हणून त्यांनी रांगच बदलायला घेतली. वसतिगृहं काढली आणि २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखीव ठेवल्या. १९१२ पर्यंत ९५ पैकी ३५ जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. म्हणजे फेरबदल करायचा तर तो खालून करावा लागतो, हे कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वीच बघितलं.

आजची 'मर्जी'

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजा गेला, पण राजाची भाषा राहिली. राज्यघटनेचं कलम १६४ सांगतं, की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात, बाकी मंत्र्यांची मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने, आणि मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. ही 'मर्जी' आली इंग्लंडच्या राजाकडून. तिथंही आता ती फक्त कागदावर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अँजेला रेनर यांच्या राजीनाम्यानंतर ब्रिटनच्या पंतप्रधानांनी मोठा फेरबदल केला. राजे चार्ल्स यांचं काम होतं ते मंजुरी देण्याचं.

आपल्याकडे मग ही मर्जी मुख्यमंत्र्यांची का? पुस्तकात हो. प्रत्यक्षात बघा. मुंडे, भुजबळ, कोकाटे, भरणे हे चौघंही एकाच पक्षाचे, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे. गेले तेही त्या पक्षाचे, आले तेही त्याच पक्षाचे. मुंडे यांच्याकडचं अन्न व नागरी पुरवठा खातंसुद्धा भुजबळांकडेच गेलं. आघाडी-युतीच्या सरकारात जागा माणसाची नसते, पक्षाच्या वाट्याची असते. ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये मंत्र्यांची संख्या आमदारांच्या १५ टक्क्यांवर आणली, म्हणून २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात कमाल ४३. पण या ४३ मधला कोटा कसा वाटायचा, हे घटनेत कुठंच नाही. पालकमंत्री हे पदही घटनेत नाही. आणि मंत्र्याचं खातं का बदललं, याचं कारण लेखी सांगायचं बंधनही नाही.

म्हणजे आपण पुन्हा जहागिरीकडे चाललोय का? तेवढं टोकाचं म्हणता येणार नाही. कापशी पिढ्यानपिढ्या एका घराकडे राहिली, कोट्याची मुदत मात्र पाच वर्षांची असते. ती संपवायची चावी आपल्याकडे आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती २०२४ मध्ये पहिल्यांदा वापरली. पण मधल्या पाच वर्षांत काय? नेतोजी पालकरांचं पद का गेलं, हे साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याला एका वाक्यात सांगता येतं : पन्हाळ्याला वेळेवर आले नाहीत. आपलं युवक कल्याण खातं जुलै २०२५ मध्ये या हातातून त्या हातात का गेलं, हे एका वाक्यात सांगून बघा. जमलं नाही तर पुढच्या विस्ताराच्या वेळी 'कोल्हापूरला काय मिळालं' याच्या आधी तेच विचारायला हवं.