मंत्र विकत मिळत नाही!



सध्या आपल्या सचिनमध्ये नवे पीक आले आहे. 'एआयकडून काम करून घेण्याचे शंभर मंत्र' मोबाईलवर फिरताहेत, दोन दिवसांच्या शिबिराची फी घेतली जातेय, आणि जीआयडीसीतल्या कारखान्यांत बिले करणारी आपली पोरे पगारातून ती भरताहेत. आता मंडळाच्या पैशाने असेच शिबिर भरवावे, असा आग्रह काही उत्साही मंडळींनी धरला आहे. आमचा त्याला विरोध आहे. का, ते स्पष्टच सांगतो.

आमचा विरोध यंत्राला नाही. बँकांत संगणक आले तेव्हाही नोकऱ्या जाणार म्हणून मोर्चे निघाले होते. आज हाताने लेजर लिहायला सांगा, कोण तयार होतो पाहू! चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, ते परत जाणार नाही. विरोध आहे तो मंत्राच्या धंद्याला.

प्रॉम्प्ट म्हणजे काय? यंत्राला लिहिलेला अर्ज, दुसरे काही नाही. आम्ही बँकेच्या काउंटरवर उभा जन्म अर्ज वाचण्यात घालवला. ज्या अर्जात कोण, कोणाला, कशासाठी, कोणत्या आधारावर आणि नेमके काय मागतो हे असते, त्याचे काम एका फेरीत होते. बाकीचे अर्ज हेलपाटे घालतात. यंत्राचेही तसेच. 'थकबाकीसाठी पत्र लिही' एवढेच म्हटले तर ते गुळमुळीत काहीतरी देणार. उलट असे लिहून पाहा: 'मी कापड कारखान्यात हिशेबनीस आहे. जुन्या गिऱ्हाईकाकडे दोन बिले नव्वद दिवसांपासून थकली आहेत. संबंध तोडायचे नाहीत, पण पंधरा दिवसांची मुदत स्पष्ट हवी. कोर्टाची धमकी नको. दहा ओळींत, साध्या भाषेत लिही. रक्कम व तारखा मी भरीन, तू मनाने घालू नकोस.' यात कुठला मंत्र आहे? हे तर शाळेतले पत्रलेखन!

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. यंत्राला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते. ते ठोकून देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेले डोळे झाकून घेऊ नका, पडताळा, असे न्यायालयाने बजावले. साहेबांची ही गत, तर कारकुनाचे काय? साहेबाची बदली होईल. कारकुनाची नोकरी जाईल.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर अशी साधने वापरू नका असे कळवले. गिऱ्हाईकाचे नाव, खाते क्रमांक, आधार, पॅन यंत्रात टाकणे म्हणजे तिजोरीची किल्ली चौकात टांगणे. नावाच्या जागी 'क' आणि 'ख' लिहा, काम अडत नाही. आणि मालकाची परवानगी नसेल तर मुळीच वापरू नका.

तिसरी गोष्ट खास आपली. आपण दोन भाषांत जगतो. गुजरातीतले 'पेढीनामुं' म्हणजे वंशावळ. मराठीत पेढी म्हणजे दुकान. 'दस्तावेज' म्हणजे इथे खरेदीखत, 'वेरो' म्हणजे घरपट्टी. हे यंत्राला आधी सांगितले नाही, तर वारसाच्या कागदात भागीदारीचा धंदा घुसेल! बडोद्याच्या गायकवाड सरकारने १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' हा कोश काढला, कारभारातल्या शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द दिले. त्यांना कळले ते आम्हाला का कळू नये? अशी शब्दयादी आपल्या जुन्या कुटुंबांइतकी चांगली कोण करील?

पण इथेच पाणी मुरते. ज्यांनी ही यादी करायची त्या घरांतल्या मुलांना आज धड मराठी लिहिता येत नाही, गुजराती बोलण्यापुरती, इंग्रजी पाठांतरापुरती. ज्याला स्वतःच्या मनातले चार वाक्यांत मांडता येत नाही, त्याला शंभर मंत्र काय करणार? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. शाळेचे काय?

सचिन नगरपालिका २०२० मध्ये सुरत महानगरपालिकेत गेली. महानगरपालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. मते मागायला दारात येणाऱ्यांना विचारा: त्या शाळांत संगणक किती, शिक्षक किती, आणि मुलांकडून आठवड्यात एक तरी अर्ज लिहून घेतला जातो का? हार घालण्याआधी उत्तर घ्या.

आणि मंडळाने काय करावे? शिबिराचे पैसे वाचवावेत. दर रविवारी दोन तास सभागृह उघडे ठेवावे. प्रत्येकाने कामावरचे एक खरे पत्र, नावे खोडून, आणावे. आधी हाताने लिहावे, मग यंत्राला सांगावे, मग दोन्ही ताडून पाहावे. शिकवायला आम्ही येतो, मानधन नको. सहा महिन्यांत शब्दयादीही तयार होईल.

मंत्र विकणारा पैसे घेऊन उद्या पुढच्या गावी जाईल. आपल्याला इथेच राहायचे आहे. निर्णय मंडळाने करावा!