आजार पंचांग पाहून येत नाही

दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हे ५४ दिवस अमेरिकेतील वृद्धांवर विमा कंपन्यांच्या जाहिरातींचा भडिमार होतो. ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्यविम्यातील आपली योजना बदलण्याची ती मुदत असते. तिला निवडीचे स्वातंत्र्य म्हटले जाते. हे स्वातंत्र्य कोणाचे, हे आपणही तपासले पाहिजे. कारण आरोग्याचा प्रश्न विम्याने सोडवण्याकडे आपल्या राज्यकर्त्यांचाही कल आहे.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. खासगी विम्याने ज्यांना अव्हेरले, त्या पासष्टीपुढील नागरिकांना समाजाने दिलेले ते वचन होते. कामगार संघटनांनी त्यासाठी झुंज दिली होती.

त्या वचनाला मात्र तारखांचे कुंपण आहे. पासष्टाव्या वाढदिवसाचा महिना, आधीचे तीन व नंतरचे तीन, असे सात महिने नोंदणीला मिळतात. सामाजिक सुरक्षेचे वेतन आधीपासून घेणाऱ्यांची नोंद आपोआप होते. इतरांनी ती स्वतः करायची. चालू नोकरीतला विमा असेल तर सवलत मिळते. पण नोकरी सुटल्यावर पदरमोड करून चालू ठेवलेला तोच विमा या सवलतीस पात्र ठरत नाही. हा बारकावा न कळून मुदत हुकली, तर डॉक्टरी सेवेच्या ‘भाग ब’साठी विलंबाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के जादा हप्ता पडतो, आणि तो बहुतेकांना कायमचा भरावा लागतो. चूक एकदाची, शिक्षा जन्माची!

आता बदलाचे स्वातंत्र्य पाहू. मेडिकेअरचे निम्म्याहून अधिक लाभार्थी आज खासगी कंपन्यांच्या ‘ॲडव्हांटेज’ योजनांत आहेत. पैसा मुख्यतः सरकारचा, पण रुग्णालय कोणते आणि उपचारास मंजुरी द्यायची की नाही, हे कंपनी ठरवते. मुदतीत मूळ मेडिकेअरकडे परतता येते खरे. परंतु तेथे डॉक्टरी खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा रुग्णाच्या माथी राहतो. त्यासाठीचा पूरक विमा हमखास मिळण्याची मुदत आरंभीचे सहा महिनेच. नंतर न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट व मेन ही राज्ये सोडली, तर कंपनी बहुधा आजार पाहून नकार देऊ शकते. दार आहे, पण आजाऱ्यासाठी त्याला अडसर आहे.

मुदत नसेल तर लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील, असा युक्तिवाद केला जातो. ऐच्छिक विम्यापुरता तो खरा आहे. म्हणूनच तो वृद्धांना दंड करण्याचे समर्थन ठरत नाही; ऐच्छिक विम्याची मर्यादाच तो दाखवतो. ब्रिटनने १९४८ साली करांतून सर्वांसाठी आरोग्यसेवा उभारली. तेथे कोणाही म्हाताऱ्याला उपचारासाठी दिनदर्शिका पाहावी लागत नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, ‘आयुष्मान’चे वार्षिक पाच लाखांचे संरक्षण लागू झाले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांना त्याचा उपयोग नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीतील प्रत्येक वृद्धाला कार्ड मिळवून द्यावे, आणि त्याच दमाने गावच्या सरकारी दवाखान्यात औषध आणि डॉक्टर मागावा. आरोग्य हा हक्क असेल, तर त्याला मुदत असता कामा नये.