एकादशीला रुतलेली होडी

गेल्या महिन्यात एका सहलीला गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो. ओळख न देता, पूर्ण पैसे भरून. सिंधुदुर्गातली एक खाडी. सकाळी दहाला जेटीवर जमायचं, आधी समुद्रात डॉल्फिन, मग वाळूवर जेवण, मग खाडीत शिरून कांदळवन, तिथेच उतरून किनाऱ्यावरच्या झाडीतून पायी फेरी आणि साडेचारला चहा. अशी एका दिवसाची जलसफर आणि जंगलफेरी आता किनाऱ्यावर बरेच जण विकतात. हा अंक वाचणाऱ्यांतलेही निम्मे तरी विकत असतील.

दुपारी दीडच्या सुमाराला खाडीच्या एका वळणावर होडी बसली. खालून खरखर आवाज आला, तांडेलने इंजिन वर उचललं, खलाशाने बांबू रोवून रेटून पाहिलं. नुसता गाळ ढवळला गेला. अठरा माणसं, चार मुलं धरून. गाईडने मोबाईल काढला आणि ऑफिसला फोन लावायला लागला. तांडेल मात्र शांतपणे नाळीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "आता बसा. पाणी तुमच्या घड्याळाक इचारून येता काय? सव्वातीन-साडेतीनाक होडी आपसूक उठतली."

मी जवळ सरकून विचारलं, एवढं नेमकं कसं सांगता? त्याने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती पूर्ण, अडीचच्या आसपास पूर्ण सुकती. आपण सुकतीच्या तासभर आधी बसलो, म्हणजे सुकतीनंतर तासाभराने सुटणार. आणि मग खालच्या आवाजात, "ह्या मी तेंका सकाळीच सांगितलंय. पण बुकिंग धाचा."

होडी तीन वाजून वीस मिनिटांनी उठली.

हे सगळं लिहायचं कारण त्या सहलीवाल्याला धारेवर धरणं नव्हे. चूक त्याच्या एकट्याची नाही, आपल्या धंद्याची आहे. दिवसाचं वेळापत्रक कोण लिहितं? फोन घेणारा माणूस. गिऱ्हाइकाचा नाश्ता किती वाजता होतो, हॉटेलातून निघायला किती वेळ लागतो, रात्रीची गाडी कितीची, यावर ते ठरतं. ज्याला पाणी कळतं तो तांडेल त्या वेळापत्रकाच्या शेवटच्या टोकाला उभा असतो. त्याला फक्त किती वाजता इंजिन चालू करायचं ते सांगितलं जातं. खरं म्हणजे या सहलीतला एकूण एक भाग पाण्याच्या पातळीवर चालतो. खाडीत कुठवर शिरता येईल, चिखलावर काय दिसेल, पायवाट कोरडी असेल की नाही, खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतील की नाही, सगळंच.

पाऊणपटीचा हिशोब किनाऱ्यावरच्या वाचकांना नवा नाही, पण घाटावरून येऊन होमस्टे चालवणारे आता बरेच झाले आहेत, म्हणून मांडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोन भरत्या, त्यामुळे तोच आकडा दुपारनंतर पुन्हा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हिशोब ढोबळ आहे हे लक्षात ठेवा. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकायला हवी, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणपट आपल्याला पंचेचाळीसच देते. पंधरवड्याच्या शेवटी ही तूट पाऊण तासाची होते. शिवाय खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, आणि दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या सुकत नाहीत. नेमका आकडा हवा असेल त्याच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी निघतात, हैदराबादच्या 'इन्कॉइस'चे अंदाजही मिळतात. पण फोनवर गिऱ्हाईक तारीख विचारत असताना कालनिर्णयवर नजर टाकून 'त्या दिवशी दहाला नको, साताला या' एवढं सांगायला पाऊणपट पुरते.

यावर नेहमीचा आक्षेप ठाऊक आहे. लोक शनिवार-रविवारी येतात, तिथी बघून येत नाहीत. मान्य. पण चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्याचा चौथा हिस्सा जवळपास एक आठवडा. म्हणजे एक शनिवार पौर्णिमेच्या आसपास पडला तर पुढचा अष्टमीच्या, त्यापुढचा अमावास्येच्या. एक शनिवार उधाणाचा, पुढचा भांगाचा. हे गणित दर महिन्याला दीडेक दिवसाने घसरत जातं, मधले शनिवार अधलेमधले येतात, पण मुख्य गोष्ट तीच राहते: तुम्हाला तिथीगणिक वेगळी वेळापत्रकं लागत नाहीत, दोन लागतात. मधल्या तिथींना तांडेलला विचारून त्यांतलंच एक लागेल तेवढं मागेपुढे सरकवायचं.

उधाणाच्या दिवशी भरती अकराच्या पुढेमागे. सकाळी सातला समुद्रात जा. तेव्हा मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं पसरलेलं असतं, डॉल्फिनच्या पाठीवरचा पर लांबून दिसतो. नऊच्या सुमाराला चढत्या पाण्याबरोबर खाडीत शिरा, पाणीच होडी आत नेतं. बारापर्यंत आतल्या आत फिरा आणि परता. जेवण, सावलीत तासभर आडवं होणं, आणि साडेतीननंतर उतरत्या पाण्याच्या काठाने पायी फेरी. उधाणाची सुकती खोल असते, चिखल लांबवर उघडा पडतो. तिसऱ्या काढणाऱ्या बायका त्याच वेळी पाण्यात उतरलेल्या असतात, आणि ही आणखी एक गोष्ट, त्या वेळी त्यांच्या मधून इंजिन फिरवायचं नसतं. पायी फेरी असली की तो प्रश्नच उरत नाही.

भांगाच्या दिवशी क्रम उलटा. भरती सहाला, सुकती बाराच्या आसपास, पुन्हा भरती संध्याकाळी सहाला. समुद्रावर पहाटेच जायचं आणि साडेनऊपर्यंत परत यायचं. मग उन्हं चढायच्या आत झाडीतली फेरी. खाडी ठेवायची चारनंतर, चढत्या पाण्यावर. या दिवसाला एक बक्षीस आहे, ते फार थोडे जण देतात. पांढरी चिपी संध्याकाळी फुलते. तिच्या फुलातले पांढरे केसर अंधार पडताना मोकळे होतात, रात्रभर वटवाघळं आणि पतंग तिथे येतात आणि सकाळी ते केसर गळून पाण्यावर तरंगत असतात. राज्य सरकारने २०२० साली हिला राज्याचा कांदळवृक्ष जाहीर केलं. साडेचारच्या चहाला सहल संपवणाऱ्याला राज्याचा वृक्ष फुललेला कधी दाखवताच येणार नाही.

आमच्या त्या दहाच्या सहलीत काय झालं ते यावरून कळेल. समुद्रावर पोचेपर्यंत खारा वारा सुटला होता. दोन मुलं ओकली. डॉल्फिन होते, पण आधीच चार होड्या त्यांच्याभोवती होत्या. एक होडी पुढून आडवी जाई, डॉल्फिन बुडत, दुसरीकडे वर येत, की सगळ्या होड्या तिकडे वळत. आमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत होतं: डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत.

या एका ओळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ती ओळ काढून टाका. तिच्यामुळे तांडेलच्या डोक्यावर पैशाची टांगती तलवार येते आणि तो पाठलाग करतो. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा कुबड असलेला डॉल्फिन उथळ पाण्यातला प्राणी आहे. किनारा सोडून फार खोलात तो जात नाही. म्हणजे आपल्या होड्यांपासून लांब जायला त्याला जागा नाही. जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त यादीत आहे, आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. न्यूझीलंडने सागरी सस्तन प्राण्यांसाठी १९९२ साली केलेल्या नियमांत ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त होड्या नसाव्यात आणि त्या अंतरात वेग अगदी कमी असावा असं ठरवून दिलं आहे. तिथल्या समुद्रसफरी त्यामुळे बंद पडल्या नाहीत. आपल्याकडे कुणी नियम करायची वाट न पाहता एका जेटीवरच्या तांडेलांनी आपसात 'तीन होड्या, चौथी थांबेल' एवढं ठरवलं तरी पुष्कळ. हे डॉल्फिन खाडीच्या तोंडाशी मासे शोधताना अनेकदा दिसतात. तिथे बाजूला, इंजिन बंद करून अर्धा तास थांबायची तयारी असेल तर पाठलागाची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आणि नाही दिसले, तर नाही दिसले. पुढे अख्खं कांदळवन आहे.

त्या अख्ख्या कांदळवनाचंच खरं दुखणं आहे. होडी रुतली त्या दोन तासांत आमच्या दोन्ही बाजूंनी चिखल हळूहळू वर येत होता आणि त्यावर जेवढं काही घडलं तेवढं त्या सबंध दिवसात कुठे घडलं नाही. आधी निवटे आले. पाण्यातून सरपटत बाहेर, पुढच्या परांवर रेलून, डोळे डोक्याच्या वर. मग एकेका बिळातून खेकडे, नराची एक नांगी अंगाएवढी, ती वर-खाली हलवत. एक काळ्या डोक्याचा खंड्या चिपीच्या वाळक्या फांदीवर बसून होता; दहा-बारा मिनिटांनी तो सरळ खाली आला आणि एक खेकडा उचलून त्याच फांदीवर आपटू लागला. एका आजीचा आणि तिच्या सुनेचा उपास होता. त्यांच्याकडचं साबुदाण्याच्या चिवड्याचं पाकीट सगळ्यांत फिरलं. एका मुलीने विचारलं, चिखलातून या पेन्सिली का उगवल्यात? गाईड म्हणाला, ती मुळं आहेत. आणि पुन्हा फोन.

ती मुळं आहेत एवढं तर मुलीच्या आईलाही ठाऊक होतं. पेन्सिलीसारखी बारीक ती तिवराची, बुडाशी जाड आणि शंकूसारखी ती चिपीची, धनुष्यासारखी वाकून खोडातून खाली आलेली कांदळाची. चिखलात हवा नसते म्हणून मुळं श्वासासाठी वर येतात. म्हणूनच त्यांच्यावरून चालायचं नसतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी अडकून राहिली की झाड गुदमरतं. तिवराचं पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर लांब होऊन खाली पडतं. एवढं सांगायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. फक्त आपण ज्याला 'वाटेतला भाग' समजतो तोच सहलीचा गाभा आहे, हे आधी आपल्याला पटायला लागतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात; तिथे समोर नुसती खाडी आणि झाडं असतात. तेवढ्यावर लोक खूश होऊन परततात, हे आपण सगळे जाणतो.

पायी फेरीबद्दल थोडक्यात, कारण आमची ती झालीच नाही. तीन-वीसला होडी सुटली, चारला जेटी, आणि नुकसानभरपाई म्हणून आम्हाला शेजारच्या सुरूच्या बनातून वीस मिनिटं चालवलं. सुरू बाहेरून आणून लावलेलं झाड आहे. त्याच्या सुयांच्या थराखाली फारसं काही उगवत नाही. सावलीला ते चांगलं, पण त्याला किनाऱ्याचं जंगल म्हणून विकू नका. किनाऱ्याचं जंगल पाहायचं तर वाळूवरच्या मर्यादवेलीपासून सुरुवात करा, मग केवडा, मग उंडी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये असाल तर आसोलीकडची सुरंगी. गावात देवराई असेल तर तिथे गावाला विचारून जा, चपला कुठे काढायच्या ते गावच सांगेल.

एक कायद्याची गोष्ट, कारण दोन वाचकांनी पत्रातून विचारलं आहे. होडीच्या वाटेत येतात म्हणून चिपीच्या फांद्या छाटता येतात का? नाही. कांदळवनाच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर बंदी घातली आणि २०१८च्या निकालात ती कायम केली. फांदी डोक्याला लागत असेल तर होडी लहान करा किंवा भरती थोडी उतरू द्या.

पुढच्या अंकापासून शेवटच्या पानावर महिन्याचं भरतीचं कोष्टक देत आहोत. पण ते बंदरातल्या पाण्याचं असेल, तुमच्या खाडीतलं नव्हे. म्हणून एक काम करा. तुमच्या जेटीच्या खांबावर येत्या पौर्णिमेला भरती पूर्ण होईल तिथे खूण करा, वेळ वहीत लिहा, आणि पुढच्या अष्टमीला पुन्हा. तांडेलला बरोबर घ्या, वेळ तोच सांगेल. वही आमच्याकडे पाठवलीत तर तुमच्या खाडीचा फरकही कोष्टकात छापू. खूण तेलरंगाने करा. खडूची पहिल्याच भरतीला पुसली जाते.