तोफेचा नांगर आणि जुना एसएमपीएस

कुंडलजवळच्या उजाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला. जमीन औंधच्या राजेसाहेबांनी दिलेली. आजच्या किर्लोस्करवाडी स्टेशनाचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा कारखान्याला दिल्याची हकीकत या भागात अजून सांगितली जाते. तोफांचे नांगर झाले. पण त्याआधी त्या भट्टीत गेल्या होत्या. तोफेच्याच तोंडाला फाळ बांधून कुणी रान नांगरायला निघालं नव्हतं.

याच परिसरात आज पोरगं इंजिनिअरिंगला लागलं की घरात नव्या कॉम्प्युटरचा हिशेब सुरू होतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी नवं घ्यायचं ठरतं. पैसे कमी पडायला लागले की नजर माळ्यावरच्या जुन्या कॅबिनेटकडे जाते. त्यातला एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारा तो पत्र्याचा डबा, लावून बघितला तर पंखा फिरतो. मग काय, चालतंय की! दोन-तीन हजार वाचले. पण हे तोफेच्याच तोंडाला फाळ बांधण्यासारखं झालं.

काटकसरीला नावं ठेवायचं कारण नाही. जुना मॉनिटर, कीबोर्ड, खुद्द कॅबिनेट खुशाल वापरावं. ते बिघडले तर एकटे बिघडतात. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जाताना मात्र मदरबोर्डला किंवा हार्ड डिस्कला सोबत नेऊ शकतो. मशीनमधल्या प्रत्येक भागाचा घास याच डब्यातून जातो, आणि बचतीची कात्री नेमकी इथंच चालते.

पंखा फिरला म्हणजे डबा धड आहे, असं होत नाही. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेनं तो वर्षानुवर्षं आटत जातो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. सांगलीकडचा एप्रिल, पत्र्याचं छप्पर आणि धुळीनं बुजलेली जाळी डोळ्यांसमोर आणली की पुढचं गणित सांगायला नको. असा म्हातारा डबा रिकामा असताना ठणठणीत दिसतो; बोजा पडला की बारा व्होल्टची लाइन डळमळते, मशीन मधेच रीस्टार्ट होतं आणि दोष विंडोजच्या माथी बसतो.

दुसरी फसगत लेबलची. २००० साली पेंटियम फोर आला आणि प्रोसेसरची भूक पाच व्होल्टच्या लाइनवरून बारा व्होल्टवर सरकली. आजचं ग्राफिक्स कार्डही बहुतेक सगळी वीज बारावरूनच ओढतं. त्यामुळे ‘४५० वॅट’ हा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून खालचा बारीक तक्ता वाचावा. तिथं १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असेल, तर त्या लाइनवर मिळणार फक्त २१६ वॅट. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर पूर्ण कामात ७६ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ११५. झाले १९१; पंखे आणि डिस्क अजून मोजायच्याच आहेत. शिवाय कार्डं क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढतात. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात मोठ्या क्षमतेच्या एसएमपीएसनं सेकंदाचा दहा हजारावा भाग दुप्पट भार पेलावा, अशी अपेक्षा आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या डब्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मोटारीचं अँपिअर न बघता स्टार्टर जोडला तर काय होतं, हे इथल्या ऊस पिकवणाऱ्याला समजावायला नको. तोच माणूस कॉम्प्युटरच्या दुकानात लेबल उलटूनही बघत नाही, याचं नवल वाटतं.

अर्थात जुना म्हणजे टाकाऊच, हेही खरं नव्हे. चांगल्या कंपन्या वरच्या दर्जाच्या एसएमपीएसला दहा वर्षांची हमी देतात. सीझॉनिकच्या प्राइम मालिकेला तर बारा. असा चार-पाच वर्षं वापरलेला, बोज्याला पुरेसा डबा नव्या मशीनला निर्धास्त लावावा, तो नव्या बिननावाच्या डब्यापेक्षा केव्हाही बरा. फक्त सुट्या केबलींचा असेल तर त्याच्याच केबली घ्याव्यात. दुसऱ्या कंपनीची केबल खाचेत बसते, पण पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि पहिल्याच बटणाला डिस्क जळते.

उरलेल्या डब्यांना भंगाराची वाट. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे ते पोचले, तर आतलं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम पुन्हा भट्टीत जातं. घरी स्क्रू काढून तांबं वेचायच्या फंदात मात्र पडू नये. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपासचा चार्ज काही काळ टिकून राहू शकतो.