सरळ रेषेचा हिशेब आणि जनतेची वाट

बस्तरमधील जगदलपूर आणि सरगुजातील अंबिकापूर ही छत्तीसगडच्या दोन टोकांची आदिवासीबहुल प्रदेशातील गावे. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर त्यांमधील हवाई अंतर सुमारे ४६५ किलोमीटर भरते. लहान प्रवासी विमान हे अंतर सव्वा तासात कापू शकेल. रस्त्याने मात्र रायपूरमार्गे ६०० किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. विकासाच्या सरकारी भाटांना हा सव्वा तास फार प्रिय आहे. पण तो नेमका कोणाचा, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

२०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना जाहीर केली. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, अशी ग्वाही पंतप्रधानांनी २०१७ मध्ये दिली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाडे ठरले, तेही विमानातील काही आसनांपुरतेच. छत्तीसगडमध्ये रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ सालीही रोजी २४३ रुपये होती. म्हणजे आठ वर्षांनंतरच्या मजुरीनेसुद्धा मजुराला त्या एका तासासाठी दहा दिवसांहून अधिक राबावे लागले असते!

योजनेचे फलित महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातच नमूद आहे. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी अवघ्या ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली. मार्च २०२३ मध्ये चालू राहिले होते फक्त ५४. याचे कारण उघड आहे. नफा हाच निकष असलेली कंपनी अनुदान असेपर्यंत उडते आणि ते संपताच पाठ फिरवते. लहान गावांसाठी १९८१ साली स्थापन झालेली ‘वायुदूत’ ही सार्वजनिक सेवा १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. २०२२ साली एअर इंडियाच टाटा समूहाच्या हाती गेली. सार्वजनिक साधने मोडीत काढायची आणि मग खाजगी कंपन्यांची मनधरणी करायची, असे हे धोरण आहे.

बस्तरला वेगवान दळणवळण कधीच मिळाले नाही, असे मात्र नव्हे. बैलाडिल्याचे लोहखनिज जपानला पाठविण्यासाठी १९६० च्या दशकात किरंदुल ते कोत्तवलसा हा सुमारे ४४५ किलोमीटरचा लोहमार्ग डोंगर फोडून उभारण्यात आला. खनिजाला सरळ वाट मिळाली. त्याच भूमीतील माणसाला आपल्याच राज्याच्या राजधानीकडे नेणारा दल्ली-राजहरा–रावघाट–जगदलपूर मार्ग मात्र दशकानुदशके रखडला. त्याचेही पहिले उद्दिष्ट रावघाटचे खनिज हेच आहे.

यावर ‘विमान हे श्रीमंतांचे वाहन, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य?’ असा युक्तिवाद काही मित्र करतात. तो चुकीचा आहे. सर्पदंश झालेल्या मुलाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला वेळेचे मोल धनिकापेक्षा कमी नसते. विरोध विमानाला नाही, विमानाच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीला आहे. म्हणूनच मागण्या स्पष्ट हव्यात: प्रथम लोहमार्ग आणि सार्वजनिक बससेवा पूर्ण करा, दुर्गम भागांची हवाई सेवा सार्वजनिक क्षेत्राकडे सोपवा आणि तीत रुग्णांना अग्रक्रम द्या.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणे सोपे आहे. श्रमिक ते बुडालेल्या रोजंदारीत मोजतो. तो हिशेब चुकता होईपर्यंत हा लढा चालूच राहील.